सेंट्रिफ्यूजमध्ये अडकलेल्या ट्यूबा

परळच्या आमच्या, क्षयाच्या जंतूंवर काम करणाऱ्या कडक बंदोबस्ताच्या (बीएसएल-थ्री) प्रयोगशाळेत ऐन पावसाळ्यातल्या एका दुपारी वीज गेली. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून जंतू तळाशी बसवणाऱ्या यंत्रात, चार ट्यूबा होत्या. दोन एच३७आरव्ही वाणाच्या, म्हणजे आयसोनियाझिड या क्षयाच्या औषधाने मरणाऱ्या जंतूच्या. दोन कॅट-जी जनुकात एस३१५टी बदल झालेल्या, औषधाला न जुमानणाऱ्या जंतूच्या. प्रत्येक जोडीतल्या एकीत चार तास आयसोनियाझिड, मिलिलिटरला ०.२ मायक्रोग्रॅम, दुसरी कोरी. वीज गेली की झाकणाचं लॉक सुटत नाही, आणि खोलीतला ऋण दाब (आतली हवा बाहेर जाऊ न देणारा) पूर्ववत होईपर्यंत कशालाही हात लावायचा नसतो. ट्यूबा पंचवीस मिनिटं तशाच राहिल्या.

क्षयजंतूच्या एमआरएनएचं, म्हणजे जनुकावरून लिहिल्या जाणाऱ्या संदेशाचं, अर्धायुष्य सरासरी साडेनऊ मिनिटं. तेवढ्या वेळात जुना संदेश बराचसा विरतो आणि नवा लिहिला जातो. शिवाय तळाशी दाबून बसलेल्या गोळ्यात प्राणवायू भराभर संपतो.

आरएनए नेहमीसारखाच काढला: ट्रायझॉल हे पेशी विरघळवणारं द्रावण, ०.१ मिलिमीटरचे झिरकोनिया बीड्स, तीस सेकंदांचे तीन झटके, मध्ये बर्फ. या जंतूची मेणचट भिंत नुसत्या ट्रायझॉलला बधत नाही. मग डीएनए तोडणारं डीएनेज. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली ट्यूब प्रत्येक नमुन्यासोबत हवीच, कारण उरलेला डीएनए वाढलेल्या जनुकासारखाच दिसतो. आरएनएची डीएनए-प्रत, म्हणजे सीडीएनए, बनवायला रँडम हेक्झामर, आरएनएवर कुठेही चिकटणारे छोटे तुकडे. जंतूच्या एमआरएनएला आपल्यासारखी लांब ए-शेपटी नसते, त्या शेपटीला चिकटणारं ऑलिगो-डीटी इथे कुचकामी.

मग पीसीआरने प्रत्येक जनुकाचा संदेश मोजून, स्थिर मानलेल्या सिग-ए जनुकाच्या तुलनेत आकडे काढले. पीसीआरच्या एका सायकलचा फरक म्हणजे दुप्पट, तीनचा म्हणजे आठपट. एच३७आरव्हीत औषधाने कास-ए आणि आयएनआय-बी ही जनुकं चढली होती. हे अपेक्षितच: भिंतीतली मायकोलिक आम्लं बनवणारी साखळी अडली की जंतू तिची एन्झाइमं वाढवायला धावतो, १९९९ पासून मायक्रोअॅरेवर (एकाच वेळी अनेक जनुकं मोजण्याच्या पद्धतीत) हे दिसलेलं आहे. एस३१५टी असलेल्या जंतूत दोन्ही जनुकं गप्प, कारण आयसोनियाझिडला सक्रिय करणारं कॅट-जीच तिथे लंगडं.

पण एचएसपीएक्स चारही ट्यूबांत चढलेलं! ते डॉस-आर या नियंत्रक प्रथिनाच्या हुकमतीतलं, प्राणवायू कमी पडला की जागं होणारं जनुक. हातात फक्त एच३७आरव्हीची औषधवाली ट्यूब असती, तर ‘आयसोनियाझिडने जंतू सुप्तावस्थेकडे वळतो’ असं कुणीही लिहून मोकळं झालं असतं. औषध न मिळालेल्या ट्यूबांनी ते खोडून काढलं. फिरवण्याआधी प्रत्येक कल्चरमधला (वाढवलेल्या जंतूंच्या द्रवातला) थोडा भाग थेट पाच मोलर ग्वानिडिनियम थायोसायनेटमध्ये, म्हणजे जंतूचं कामकाज तिथेच थांबवणाऱ्या द्रावणात, टाकून ठेवला होता. त्यात कास-एची वाढ तशीच होती, एचएसपीएक्स मात्र शांत.

तेव्हापासून आम्ही आधी कल्चरच्या चार पट ग्वानिडिनियम ओततो आणि मगच फिरवतो. जंतू तिथल्या तिथे थिजतो, सेंट्रिफ्यूज कितीही वेळ अडकला तरी चालतं. कल्चरही बाटलीच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भरत नाही, नाहीतर औषध घालायच्या आधीच डॉस-आर जागा होतो. रिफॅम्पिसिन या क्षयाच्या दुसऱ्या औषधाच्या प्रयोगात तर ही घाई दुप्पट लागते. ते औषध संदेश लिहिणाऱ्या आरएनए पॉलिमरेजलाच धरतं, त्यामुळे सिग-एचा संदेशही घटतो आणि तुलनेचा पायाच हलतो. तिथे पेशींची संख्या मोजून बाहेरून ठराविक आरएनए मिसळावा लागतो, तोही ग्वानिडिनियम ओतल्यावर लगेच.