आमची वाटचाल : आधी पेन्सिल सेल, मग बाकीचं

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९८७ ला सांगलीत गावभागात दुकान टाकलं तेव्हा ते काही स्टिरिओचं दुकान नव्हतं, टू-इन-वन रिपेअरिंगचं होतं. एक टेबल, एक सोल्डरिंग गन, स्पिरिटची बाटली आणि कापूस, संपलं भांडवल. गिऱ्हाईक यायचं, आवाज बसलाय म्हणायचं, नवीन घ्यावा का विचारायचं. अण्णा हेड, म्हणजे कॅसेटची फीत जिथं घासून जाते तो भाग, पुसायचे आणि मग कॅसेट चालू ठेवूनच हेडशेजारचा तो बारका स्क्रू असतो ना, तो जरासा इकडं तिकडं फिरवायचे, आणि एका जागी आला की भजनातली मागं दबलेली टाळ एकदम पुढं यायची. दहा रुपये घ्यायचे. आई वैतागायची, अहो नवीन विकला असता तर भाडं सुटलं असतं.

मी आयटीआय करून १९९५ ला गल्ल्यावर बसलो आणि मला अर्थातच विकायची घाई. तेव्हा आम्ही स्वतः अ‍ॅम्प्लिफायर असेंबल करायचो, छोट्यात एलए ४४४० चा बोर्ड आणि मोठ्यात टू-एन-३०५५ ट्रान्झिस्टर, ट्रान्सफॉर्मर इथलाच एक वाइंडिंगवाला भरून द्यायचा. मग आलं पीएमपीओचं, म्हणजे फुगवून लिहिलेल्या वॅटचं खूळ. डबड्यावर लिहिलेलं १२०० वॅट आणि मागं वायरीजवळच्या प्लेटवर लिहिलेलं, लाइट खातो ३० वॅट! आता ३० खाऊन १२०० कुठून देणार, बैल आहे का दुभती म्हैस, पण लोक घ्यायचे आणि आम्हीही विकले, खोटं कशाला बोलू.

सगळं फिरलं ते २००३ च्या सुमारास. विश्रामबागचे एक रिटायर्ड सर आले. चांगला ४० वॅटचा अ‍ॅम्प, बऱ्यापैकी स्पीकर, नाट्यसंगीताचा दांडगा नाद. तक्रार एकच, डग्गा ऐकू येत नाही हो, नुसती चाटी वाजतेय. मी म्हटलं सर, पॉवर कमी पडतीय, आणि त्यांना १०० वॅटचा अ‍ॅम्प दिला. पेन्शनीतले पैसे. आठ दिवसांनी सर परत, आवाज मोठा झाला पण डग्गा काय आला नाही.

अण्णा मला घेऊन त्यांच्या घरी गेले. दोन स्पीकरच्या मधोमध उभे राहिले, डोळे मिटले, मग म्हणाले, घड्याळातला सेल काढून दे रे. अ‍ॅम्पच्या मागची वायरींची टोकं सोडवली, स्पीकरची जाळी काढली आणि लाल टोकाला प्लस, काळ्याला मायनस असा दीड व्होल्टचा सेल नुसता टेकवला. डाव्या स्पीकरचा कोन, म्हणजे मधला हलणारा कागदी पडदा, टप्प करून बाहेर आला. उजव्याला लावला, तो आत गेला. दिवाळीला घराला रंग दिला होता तेव्हा वायरी काढल्या आणि लावताना एका बाजूची लाल-काळी उलटी लागली, बस. एक कोन हवा ढकलतोय तेव्हाच दुसरा ओढतोय, खालचा आवाज एकमेकांत मरून जातो. वायर सरळ केली आणि डग्गा खोलीत येऊन बसला. सर काही बोलले नाहीत, मला मात्र तोंड दाखवायला जागा नव्हती. पैसे परत केले, अ‍ॅम्प उचलून आणला.

त्या दिवसापासून काउंटरवर एक पेन्सिल सेल कायम असतो. कुणीही अपग्रेडचं बोललं की आधी सेल. टोकं अ‍ॅम्पकडची धरायची म्हणजे वायर आणि स्पीकर दोन्ही एकदम तपासून होतं, आणि सेल टेकवून लगेच काढायचा, धरून ठेवायचा नाही.

दुसरी टेस्ट एका बाजूचा आवाज फाटत असेल तर. सेट बंद करून अ‍ॅम्पवर डाव्या-उजव्या स्पीकरची अदलाबदल करा. फाटका आवाज आहे त्याच स्पीकरमधून येत राहिला तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या वायरीचा, दुसऱ्या बाजूला पळाला तर अ‍ॅम्पचा किंवा त्याच्या मागच्या सोर्सचा, म्हणजे गाणं जिथून येतं त्या टेपचा, मोबाइलचा. एवढं केलं तरी निम्मी खरेदी वाचते. जुन्या स्पीकरच्या कोनभोवती फोमची कड असते, ती पंधरा-वीस वर्षांत आपल्या दमट हवेत शिळ्या भाकरीसारखी मोडते, बोट लावलं की भुगा. लोकांना वाटतं अ‍ॅम्प गेला. नवीन कड चिकटवून मिळते, तेवढ्यात काम होतं.

२००५ च्या पुरात आमचं दुकान गेलं. त्याच्यावर जास्त लिहीत नाही. नंतर वरच्या मजल्यावर गाळा घेतला, म्हणून २०१९ ला वाचलो. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, सांगलीकरांना सांगायला नको. पाणी उतरल्यावर महिनाभर जिन्यात गाळानं भरलेले सेट रांगेत होते आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, दादा यातलं काय ठेवू आणि काय टाकू? आता हाच तर अपग्रेडचा प्रश्न आहे की, फक्त नदीनं विचारलेला.

अ‍ॅम्प बरेच वाचले. ज्यांनी घाईनं प्लग लावून बघितला त्यांचे नाही, बाकीच्यांचे. उघडून चांगल्या पाण्यानं गाळ धुतला, मग स्पिरिट, आणि ट्रान्सफॉर्मर खोक्यात १०० वॅटचा बल्ब लावून चार-चार दिवस शेकला, कारण वाइंडिंगमधली ओल वरून दिसत नाही. स्पीकर मात्र गेले. कागदी कोन पापडासारखे वाकडे, एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीची खोकी तळातून फुगून पुरी झालेली. काही जुनी प्लायवूडची खोकी तेवढी तगली. म्हणजे झालं काय, कितीतरी घरांत अ‍ॅम्प तोच राहिला, खोली तीच, गाणी तीच, आणि फक्त स्पीकर नवे आले. आणि दिवाळीपर्यंत लोक येऊन सांगायला लागले, अहो आधीपेक्षा भारी वाजतंय, गाणारा समोर बसल्यासारखा. सरांच्या घरी अ‍ॅम्प बदलून काही झालं नव्हतं, इथं स्पीकर बदलून सगळंच झालं. ठरवून प्रयोग करायचा म्हटलं असतं तर एवढी घरं कुठून मिळाली असती.

हिशोब पण तेच सांगतो. अ‍ॅम्पची ताकद दुप्पट केली तर आवाज वाढतो ३ डेसिबल, म्हणजे जरासा. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. ४० चा १०० केला तर हाती लागतात ४ डेसिबल. उलट ८६ ऐवजी ८९ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये जास्त मोठा वाजणारा स्पीकर घेतला तर तेच ३ डेसिबल फुकट, आणि साध्या खोलीत निवांत ऐकताना एक-दोन वॅटच्या वर खर्चच होत नाही. त्यामुळं शंभर रुपये असतील तर साठ स्पीकरला, हे माझं मत, मुंबईचे डीलर वेगळं सांगतील. अपवाद आहे, चार ओहमचा, म्हणजे जास्त करंट ओढणारा स्पीकर आठ ओहमवाल्या बारक्या अ‍ॅम्पला लावला तर अ‍ॅम्प तापून रडतो, तिथं अ‍ॅम्प बघावाच लागतो.

खोलीचं कुणी विचारतच नाही. १० बाय १२ च्या खोलीत ५६ आणि ४७ हर्ट्झच्या आसपासचा बास घुमतो, खोलीचा तो स्वभावच, लाखाचा सेट आणला तरी तिथं घुमणारच. स्पीकर कोपऱ्यातून हात-दीड हात पुढं घ्या. खाली फरशी, समोर काच आणि मोकळी भिंत असेल तर एक टाळी वाजवा, मागं झिंग्ग असं काही ऐकू आलं तर समोरच्या भिंतीवर आजीची जाड गोधडी टांगून परत वाजवा. मी सेट विकायला गेलेल्या घरांत गोधडी टांगून परत आलोय, पोरगा म्हणतो पप्पा, आपण गाद्यांचं दुकान काढूया.

आमची परीक्षा तानपुऱ्याची. मिरज शेजारीच, तिथले तानपुरे करणारे कारागीर अण्णांचे ओळखीचे, जवारी लावताना तारेखालचा दोरा सरकवत नाद कसा फुलतो ते लहानपणी बघितलेलं. सेटवर साधं तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावायचं. नुसतं झूं वाजलं तर वरच्या पट्टीत काहीतरी दबलंय, नाद सुटा सुटा फुलून विरताना ऐकू आला तर बास, पैसे खिशात ठेवा.

लॉकडाऊननंतर रेकॉर्ड प्लेअरवाले वाढलेत. त्यांच्यासाठी मात्र उलटं आहे, आधी सुई. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास चालते आणि लोक वडिलांच्या काळातली अजून फिरवतात, झिजलेली सुई रेकॉर्डची चर कायमची खराब करते, ती काय परत येत नाही. मोबाइलवाल्यांनी ब्लूटूथ सोडून एकदा वायरीनं ऐकून बघावं आणि फरक वाटला तरच डॅक, म्हणजे मोबाइलमधल्या डिजिटल गाण्याचा आवाजाचा सिग्नल करून देणारी डबी, घ्यावा.

आणि केबल. परवा एकजण सापासारखी जाडजूड केबल घेऊन आले, किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो. घरफिटिंगची २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर दहा मीटर टाकली तरी जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.१५ ओहमच्या आसपास, आठ ओहमच्या स्पीकरपुढं किस झाड की पत्ती. ते नाराज झाले, चहा न घेता गेले. असं गिऱ्हाईक महिन्याला एखादं जातंच.

अण्णा आता ऐंशीचे आहेत, वरच्या पट्टीतलं त्यांना ऐकू येत नाही, तरी डग्गा बरोबर वाजतोय का एवढं सांगतात. सरांचा तो १०० वॅटचा अ‍ॅम्प अजून दुकानात आहे, डेमोला वापरतो. तुम्ही येणार असाल तर सेट उचलून आणू नका, खोलीची लांबी-रुंदी फुटात लिहून आणा आणि अ‍ॅम्पच्या, स्पीकरच्या मागच्या वायरींचा नीट उजेडात फोटो काढून आणा. गुरुवारी बंद असतं.