ट्रॉलीच्या दांडीवरच्या पट्ट्या

त्या सोमवारी लॅबच्या इन्क्युबेटरमधून जंतू वाढवायच्या प्लेट्स काढल्या तेव्हा पहिला चहासुद्धा झाला नव्हता. हाडांच्या वॉर्डातल्या तीन पेशंटचा पस, तिघांचीही ऑपरेशनं त्याच पंधरवड्यातली. स्टॅफ (स्टॅफिलोकोकस ऑरियस, जखमेत पू करणारा जंतू) वाढलेल्या प्लेटवर सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकच्या चकतीभोवती जंतू न वाढलेलं, निदान २२ मिलिमीटरचं मोकळं वर्तुळ हवं. मी मोजपट्टी लावली : १४, १३, १४. एमआरएसए, मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ. म्हणजे पेनिसिलिनच नव्हे, रोजच्या वापरातली सेफॅलोस्पोरिनंही बाद. या जंतूकडे भिंत बांधणारं प्रथिनच वेगळं असतं, औषधाला धरायला जागा मिळत नाही. दुखणं जुनंच, मेथिसिलिन वापरात आल्यावर दोन-एक वर्षांत, १९६१ साली, ब्रिटनमध्ये असे जंतू सापडले होते.

वॉर्डात फोन केला तर सर्जन म्हणाले, "तुमच्या लॅबमध्येच कंटॅमिनेशन झालं असेल." हे वाक्य मला पाठ आहे. व्हॅन्कोमायसिन (या जंतूवर चालणारं औषध) सुरू करा, डोस घाईनं देऊ नका, निदान तासभर लागू दे, एवढं सांगितलं आणि स्वॅबचा डबा घेऊन मी स्वतःच वर वॉर्डात गेले.

दोन तास कोपऱ्यात स्टुलावर बसून ड्रेसिंग पाहिली. ड्रेसर मामा म्हणजे वॉर्डातला सगळ्यात नेटका माणूस. दर पेशंटला नवा फोर्सेप, नवे हातमोजे, मध्ये हात चोळणं. मी मनातल्या मनात ऑपरेशन थिएटरवर ठपका ठेवून मोकळी झाले होते. मग दिसलं : फेरीआधीच मामांनी चिकटपट्टीचे वीसेक तुकडे कापून ट्रॉलीच्या दांडीवर ओळीनं लटकवले होते. पस लागलेला मोजा दांडीला टेकायचा, आणि तिथलीच पट्टी पुढच्या पेशंटच्या ड्रेसिंगवर जायची.

दांडीचा स्वॅब घेतला. बुधवारी तोच जंतू, तसाच सेन्सिटिव्हिटी पॅटर्न, म्हणजे कुठली औषधं लागू पडतात, कुठली नाहीत, तेही तेच. (वाणही तोच, हे सिद्ध करायला जनुकीय तपासणी लागते. ती आमच्याकडे होत नाही.)

मामांना बाजूला घेऊन सांगितलं. चिडले नाहीत, कसनुसे झाले. "मॅडम, मोजे घातले की रोलचं टोक सापडत नाही. पट्टी मोज्यालाच चिकटते. चाळीस ड्रेसिंग कधी उरकायची?"

मी मोजे चढवून करून पाहिलं. टोक सापडेपर्यंत मोजा फाटला.

पेशंटमागे एक छोटा रोल मागितला. इंडेंट, म्हणजे सामानाचा मागणी-अर्ज, दोनदा परत आलं. तोवर सिस्टर सोबत फिरतात, हात चोळून लागेल तेवढीच पट्टी तिथल्या तिथे कापून देतात. मामा रोज सकाळी दांडी स्पिरिटनं घासतात. जुन्या गोंदाच्या रेघा अजून गेलेल्या नाहीत.