ऐन वेळी चालेल का?

‘ॲप फुकट आहे ते ठीक, पण ऐन वेळी चालेल का?’ सायकलवरून पडलो की घरच्यांना मेसेज पाठवणाऱ्या माझ्या ॲपबद्दल कुणी ना कुणी हे विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट बसून लिहितो.

सायकलच्या हेल्मेटला मागून चिकटवायचा एक सेन्सर माझ्याकडे आहे. कॅरमच्या सोंगटीएवढा. आपण पडलो की त्याला कळणार, तो ब्लूटूथवरून फोनला सांगणार आणि मग घरच्यांना मेसेज जाणार, असा सगळा बेत. बनवणाऱ्या कंपनीनं एके दिवशी सर्व्हर बंद केला. सेन्सर ठणठणीत होता, पण कंपनीचं ॲप लॉगिनच्या पुढे सरकेना. ज्यांचं लॉगिन आधीच झालेलं होतं त्यांची गत याहून वाईट. त्यांच्या स्क्रीनवर ‘जोडलेलं आहे’ म्हणणारा हिरवा ठिपका तसाच दिसत राहिला. मेसेज मात्र सर्व्हरमार्फत जायचा, म्हणजे तो कुठेच जाणार नव्हता. त्या ठिपक्याच्या भरवशावर कितीजण उतार उतरले असतील, कोण जाणे.

मला त्या ठिपक्याचाच राग आला. स्वतःचं ॲप लिहायला घेतलं ते त्या रागातून.

सेन्सरची भाषा कळायला वाटलं होतं तेवढा वेळ लागला नाही. एका मित्राच्या जुन्या फोनवर मूळ ॲप लॉगिन अवस्थेत राहून गेलं होतं. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांमध्ये ब्लूटूथची सगळी देवाणघेवाण नोंदवायची सोय असते. ती नोंद वायरशार्क या असल्या नोंदी उलगडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली. फोन सुरुवातीला दोन-चार बाइट पाठवतो आणि मग सेन्सर जो बोलत सुटतो तो थांबतच नाही. बाकीचा उलगडा टेबलावर झाला. सेन्सरच्या आत त्वरणमापक असतो, म्हणजे वेगातला बदल मोजणारा भाग. तो स्थिर ठेवला तरी गुरुत्वाकर्षणापोटी १ जी दाखवतो; ‘जी’ म्हणजे पृथ्वीच्या ओढीएवढं त्वरण. सेन्सर आळीपाळीनं सहाही कुशींवर निजवला, तर वर आलेल्या बाजूचा आकडा २०४८ च्या आसपास यायचा आणि उलटा केला की उणे २०४८. सोळा बिटांच्या आकड्यात हे गणित उणे १६ ते अधिक १६ जी या पट्ट्याशी बरोबर जुळतं. उशीवर फेकला तर हवेत असेपर्यंत तिन्ही आकडे शून्याजवळ. त्या रात्री मी बराच वेळ उशीवर सोंगटी फेकत बसलो होतो. घरच्यांनी काही विचारलं नाही.

पण १६ जी म्हणजे अपघाताच्या मानानं काहीच नाही. युरोपातल्या ईएन १०७८ या मानकाच्या चाचणीत हेल्मेट सपाट ऐरणीवर सेकंदाला ५.४२ मीटर वेगानं आपटतात, म्हणजे साधारण दीड मीटरवरून पडल्यासारखं. आतल्या नकली डोक्याला २५० जीपर्यंत धक्का बसला तरी हेल्मेट पास. आमची सोंगटी १६ वरच थिजते. शिवाय धक्का काही मिलिसेकंदांत आटोपतो, दोन मोजण्यांच्या फटीतून निसटूही शकतो. म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबणं सोडलं. धक्का किंवा डोक्याची अचानक बदललेली दिशा, पाठोपाठ जीपीएसवर शून्यावर आलेला वेग, आणि त्यानंतरची निश्चलता, असं सगळं जुळलं तर ॲप मिनिटभर कर्कश ओरडतं. बटण दाबलं नाही तर मेसेज जातो.

पहिल्या आवृत्तीत वेगाची अट नव्हती. हेल्मेट टेबलावरून पडलं, मी आंघोळीला गेलेलो, आणि मेसेज गेला ताईला. बाहेर आलो तर तिचे अकरा मिस्ड कॉल. त्यापुढचं संभाषण इथे लिहिण्यासारखं नाही.

आयफोनसाठी का नाही, हेही बरेच जण विचारतात. तिथे ॲपला परस्पर एसएमएस पाठवता येत नाही, ‘पाठवा’ माणसानंच दाबावं लागतं. बेशुद्ध माणूस काय दाबणार? यावर उपाय म्हणजे मधे सर्व्हर ठेवायचा. तो माझ्या पैशांवर आणि माझ्या उत्साहावर चालणार, आणि यातलं एक जरी आटलं तरी पुन्हा तोच हिरवा ठिपका. नको.

तर, ऐन वेळी चालेल का? वचन देत नाही. ॲप ज्या जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली दिलंय, त्यातही कसलीच हमी नाही असं स्वच्छ लिहिलेलं असतं, आणि मी त्याआड लपत नाहीये, खरंच माहीत नाही. फक्त चालत नसेल तर तुम्हाला कळावं, यासाठी मात्र जिवाचं रान केलंय. सेन्सर दहा सेकंद गप्प बसला, बॅटरी उतरली, मोबाइलची रेंज गेली, की फोन थरथरतो. पण बॅटरी वाचवायच्या नादात फोननं ॲपच मारून टाकलं तर? मेलेलं ॲप ओरडणार कसं? यावर मी महिनाभर अडलो होतो. शेवटी उलटं केलं. सगळं सुरळीत असेल तर दर पाच मिनिटांनी बारीकशी ‘टिक’ वाजते. टिक आली नाही, तर राखण उठली असं समजायचं.

ही टिक बंद करायची सेटिंग द्या, अशी मागणी सगळ्यात जास्त येते. कोड खुला आहे. ती ओळ कुठे आहे ते मी सांगतो, तुमच्या प्रतीतून खुशाल काढा. माझ्या प्रतीत ती राहणार.