एल्कच्या शिकारीची सॅक: हिशोब परतीच्या ओझ्याचा

एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या फ्लॅट टॉप्स वाइल्डरनेसमध्ये, म्हणजे वाहनांना बंदी असलेल्या राखीव रानात, ट्रॅपर्स लेककडून आत शिरताना आमच्या पाठीवर 20-22 किलो असतात: तंबू, स्लीपिंग बॅग, पाच दिवसांचा शिधा, रायफल. तलावच 2,900 मीटरवर, पुढे पठारापर्यंत चढ. तरी एवढं वजन हिमालयात वापरलेली ट्रेकिंग सॅकही पेलते, आणि तिथंच निवड फसते. सॅक घ्यायची ती परतीसाठी.

मोठ्या नर एल्कचं हाडं काढलेलं मांस साधारण 80 ते 100 किलो भरतं. वाइल्डरनेसमध्ये चाकाची ढकलगाडीसुद्धा चालत नाही. घोडा नसेल तर दोघांना पाठीवरून दोन खेपा, शिवाय तळ उचलायची तिसरी. निम्मं मांस टाकून येणं कायद्यात बसत नाही.

म्हणून आधी फ्रेम बघा, कप्पे आणि चेन नंतर. ट्रेकिंग सॅकमधल्या दोन बारीक अ‍ॅल्युमिनियम पट्ट्या 35 किलोंच्या ओझ्याखाली वाकतात आणि भार कमरेवरून खांद्यांवर येतो. फ्रेम ताठ हवी, खांद्यांच्या वर पाच-सात सेंटीमीटर गेलेली, तरच वरचे लोड लिफ्टर पट्टे ओझं पाठीकडे ओढतात. फार उंचही नको. आडव्या पडलेल्या स्प्रूसच्या झाडांखालून वाकून जाताना ती अडकते.

दुसरी गोष्ट लोड शेल्फ, म्हणजे फ्रेम आणि पिशवी यांच्यामधली जागा. मांस तिथं, सुती गेम बॅगमध्ये, म्हणजे शिकारीचं मांस भरायच्या कापडी पिशवीत. पिशवी बाहेरून आवळायची. ओझं पाठीच्या कण्याला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या पातळीवर राहतं आणि रक्त स्लीपिंग बॅगपर्यंत पोचत नाही. खालचे पट्टे आधी आवळा, नाहीतर मांस घसरून खाली बसतं आणि प्रत्येक पावलाला मागे खेचतं.

हिप बेल्ट कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर मध्यभागी बसला पाहिजे. पोटावर आला तर उतारावर सरकणारच. सॅकचं माप तुमच्या उंचीवरून ठरत नाही. मान खाली घातल्यावर हाताला लागणाऱ्या मणक्यापासून कंबरेच्या हाडापर्यंतची लांबी मोजा.

80 ते 100 लिटर पुरतात. रिकामी सॅक अडीच-तीन किलोंची असली तर कुरकुर नको. हलकेपणाची हौस इथं महागात पडते.

घरी तपासायला इंडियन स्टोअरमधली तांदळाची 20 पौंडांची चार पोती शेल्फवर बांधा, म्हणजे 36 किलो होतात. तासभर जिने चढा-उतरा. खांदे आधी दुखले तर फ्रेम किंवा माप चुकलंय. मांड्या दुखल्या तर सॅक ठीक, तयारी कमी.

रायफलच्या मोसमात कमरेच्या वरच्या अंगावर 500 चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि तशीच टोपी सक्तीची आहे. सॅकखाली जॅकेटची पाठ झाकली जाते, मांस लादल्यावर तर पूर्णच. त्यामुळे सॅकवर नारिंगी कव्हर चढवूनच निघा, कॅमो छपाईचं नव्हे, सपाट रंगाचं.