अर्जावर दोनच चौकटी होत्या

पाणी कशासाठी तपासायचं, या प्रश्नापुढे दोनच चौकटी: पिण्यासाठी आणि सिंचनासाठी. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या माणसाला म्हटलं, साहेब, स्विमिंग पूलचं आहे. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "तसा प्रकार नाही. काहीतरी एक टिक करा." बोअर शेतातलाच, म्हणून मी सिंचनावर खूण केली. त्या एका खुणेने माझा अख्खा उन्हाळा खाल्ला.

चोपडा तालुक्यात शेतावरच आमचं छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे. हिवाळ्यात लोक भरीत-कळण्याच्या भाकरीसाठी येतात, उन्हाळ्यात यावेत म्हणून पूल बांधला. 12 मीटर लांब, 6 मीटर रुंद, सरासरी 1.2 मीटर खोल. म्हणजे साधारण 86 हजार लिटर. बांधकाम, मोटर, फिल्टर सगळं वेळेवर झालं. फेब्रुवारीत बोअरच्या पाण्याने पूल भरला आणि तीन आठवड्यांत निळ्या टाइल्सवर पाण्याच्या रेषेला पांढरा पट्टा धरला. घासून निघेना.

म्हणून ती प्रयोगशाळा. लिटरभराची बाटली त्याच पाण्याने तीनदा खंगाळून भरून नेली. रिपोर्ट हातात पडायला 19 दिवस आणि तीन चकरा. पहिल्या चकरेला सही करणारे साहेब मीटिंगला, दुसऱ्या वेळी प्रिंटर बंद. तिसऱ्या वेळी कागद मिळाला: पीएच 8.1, कॅल्शियम 9.2, मॅग्नेशियम 6.1. खाली शिक्का, "सिंचनास योग्य".

पूलच्या पाण्यात कॅल्शियम हार्डनेस, म्हणजे कॅल्शियममुळे येणारा कठीणपणा, 200 ते 400 पीपीएम (लिटरमागे इतके मिलिग्रॅम, चुनखडीच्या हिशेबात) असावा, एवढं मला वाचून माहीत होतं. आणि इथे 9.2! घरी चहाच्या पातेल्याला रोज क्षार चढताना बघणारा मी, पण शिक्का बघून डोकं गहाण टाकलं. पूलची औषधं विकणाऱ्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, "इतकं मऊ पाणी प्लास्टर खातं, हार्डनेस वाढवा." तेवढ्यापुरतं ते खरंही आहे, फार मऊ पाणी सिमेंटमधला चुना ओढून घेतं. त्याने 25 किलोचं कॅल्शियम क्लोराइडचं पोतं दिलं. मी त्यातलं दहा किलो बादल्याबादल्यांनी विरघळवून ओतलं. विरघळताना बादली इतकी तापली की कडी फडक्याने धरावी लागली. तेव्हा मला मोठं काहीतरी शास्त्रशुद्ध करतोय असं वाटत होतं.

एप्रिलमध्ये पायऱ्या पॉलिश पेपरसारख्या झाल्या. सुरतहून आलेल्या पाहुण्यांच्या पोराचा गुडघा सोलला. फिल्टर उघडला तर वाळूची ढेकळं. कोणी म्हणालं तुरटी टाका. टाकली. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम कुठेही जात नाही.

पुन्हा त्याच खिडकीवर. या वेळी पूलचं पाणी. पुन्हा सिंचनावर टिक, पुन्हा 16 दिवस. कॅल्शियम 16.4, शेरा तोच, "सिंचनास योग्य". मी फोन करून विचारलं, अहो, हा आकडा पीपीएममध्येच आहे ना? उत्तर आलं, "आम्ही तपासून देतो. समजून सांगणं आमच्याकडे नाही." फोन ठेवला तेव्हा हात थरथरत होता. पैसे भरलेत, पावती आहे, कागदावर आकडा आहे, आणि तो आकडा कशाचा हे सांगणं म्हणे त्यांच्याकडे नाही.

कोडं सोडवलं शेजारच्या आबांनी. आबांची केळी, चाळीस वर्षांची शेती, ठिबकच्या रिपोर्टांचा गठ्ठा कपाटात. ओट्यावर बसून त्यांनी माझा कागद चष्म्यापासून लांब धरला, रकान्याच्या डोक्यावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांवर नख ठेवलं आणि म्हणाले, "भो, हाई पीपीएम नही शे. पन्नासनी गुण."

तिथे लिहिलं होतं: मि.इ./लि. मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर. शेतीच्या रिपोर्टात कॅल्शियम असंच देतात. पूलवाल्यांच्या भाषेत आणायचं तर 50 ने गुणायचं. 9.2 म्हणजे 460. बोअरचं पाणी पहिल्याच दिवशी मर्यादेबाहेर. 16.4 म्हणजे 820. त्यातले साधारण 80 मी स्वतः पोत्यातून ओतलेले.

बरं, पिण्यासाठीवर टिक केली असती तरी फसलोच असतो. तिथे कॅल्शियम मिलिग्रॅममध्ये येतं, आमचं 184 आलं असतं. पिण्याच्या पाण्याच्या मानकात दुसरा स्रोत नसेल तर 200 पर्यंत चालतं, म्हणजे कॅल्शियमपुरतं पुन्हा "योग्य". चुनखडीच्या हिशेबात आणायला त्या आकड्याला 2.5 ने गुणलं की परत तेच 460. तेव्हा रिपोर्ट घेतला की आधी रकान्याचं डोकं वाचा, आकडा नंतर.

820 कसा झाला, हे आबांनी नाही, मी कागदावर मांडून काढलं. आमच्याकडे मे महिन्यात पूलची पातळी रोज सेंटीमीटरभर उतरते, मी पट्टीने मोजली आहे. म्हणजे रोज 720 लिटरची वाफ. वाफ जाते, क्षार मागे राहतो, आणि आपण वरून 460 चं पाणी सोडतो. महिन्याला शंभरेक पीपीएम त्यातूनच. शिवाय मी क्लोरीनसाठी ब्लीचिंग पावडर वापरत होतो, तीही चुन्याचीच. ती बंद करून पातळ सोडियम हायपोक्लोराइटवर आलो. ते उन्हाने लवकर मरतं, म्हणून कॅन आठवड्यापुरताच आणायचा आणि सावलीत ठेवायचा.

खरा उपाय एकच: पाणी काढून मऊ पाणी घालणं. पण मे महिन्यात शेजारच्या वस्तीवर टँकर येत असताना चाळीस हजार लिटर सोडून द्यायची छाती कोणाची? आबांना विचारलं, केळीला देऊ का? ते हसलेच. म्हणून पावसापर्यंत ॲसिडवर दिवस काढले. पीएच 7.2 ते 7.4 आणि अल्कलिनिटी (पाण्याची ॲसिड पचवायची ताकद) 60 ते 80 पीपीएमच्या दरम्यान दाबून धरली की कॅल्शियम जास्त असूनही विरघळलेलं राहतं, टाइलवर बसत नाही. पाणी जितकं गरम तितका क्षार पाण्यातून लवकर बाहेर पडून बसतो, त्यामुळे मे महिन्यात इथे ढिलाई चालत नाही. ॲसिड संध्याकाळी, मोटर चालू ठेवून, खोल बाजूला थोडं थोडं. आधी बादलीत पाणी, मग त्यात ॲसिड. उलटं कधीच नाही. आणि ब्लीचिंगचं किंवा हायपोक्लोराइटचं भांडं ॲसिडजवळ फिरकूही द्यायचं नाही, विषारी वायू होतो.

हे आधी सांगायला हवं होतं: टाइलवरचा पांढरा थर क्षाराचाच आहे का, हे बघायला त्यावर ॲसिडचा एक थेंब टाका. फसफसला की चुनाच. ठिबकच्या नळ्या साफ करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं, मलाच सुचलं नाही.

जूनअखेर शेडच्या पत्र्याला पन्हाळ लावून पाइप थेट पूलमध्ये सोडला. पहिले दोन पाऊस धूळ धुण्यात घालवले. मग पातळी चढेल तसं क्लोरीन उतरलेलं जुनं पाणी काढून बांधावरच्या निंबांना दिलं. 140 चौरस मीटर पत्रा, 10 मिलिमीटर पावसाला हजाराच्या वर लिटर. खिडकीचं तोंड न बघण्यासाठी थेंबांचं किट घेतलं, एका थेंबाला 25 पीपीएम. गुलाबी पाणी निळं होईपर्यंत थेंब मोजायचे. जूनमध्ये 33 थेंब लागायचे, सप्टेंबरमध्ये 19 व्या थेंबाला निळं झालं. 475. चारशेच्या खाली नाहीच आलं, पण पायऱ्या गुळगुळीत आहेत.

उरलेलं 15 किलोचं पोतं विकणारा परत घेत नाही. ते हवेतलं पाणी ओढतं. पावसाळाभर शेडच्या कोपऱ्यात पाझरत होतं आणि खालची फरशी अजून ओली आहे.