चर्चच्या आवारात कांद्याचा काटा

आज उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात कांदेवाल्याकडून मागून आणलेला हूकचा काटा लटकवला आणि तरुण संघातल्या एकेकाची सॅक वजन केली. पुढच्या आठवड्यात पन्हाळा ते पावनखिंड, दोन दिवस, सगळं पाठीवर. साधा हिशोब सांगितला होता: सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ द्यायची नाही.

पहिलाच गडी ५० किलोचा, सॅक १४ किलोची! उघडली तर दोन जीन्स, हेअर जेल, क्रिकेटचा बॉल आणि तीन किलो चिवडा. "दादा, चिवडा सगळ्यांसाठी हाय की!" म्हटलं, भावा, चिवडा चालंल, जीन्स काढ. म्हसाईच्या पठारावर पावसात भिजलेली जीन्स दोन दिवस वाळत नाही, मांड्या सोलून निघतात. (अनुभव आहे. जास्त विचारू नका.)

पाण्याला मात्र तडजोड नाही. दोन लिटर म्हणजे दोन किलो, ते धरूनच बाकीचं बसवायचं. कपडे दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत, जळवांसाठी मिठाची पुरचुंडी वरच्या खिशात. पाळकसाहेबांनी गुपचूप छत्री आणलेली, ती पोरांनीच बाहेर काढली. पठारावरच्या वाऱ्यात छत्रीचं काय होतं ते त्यांना कोण सांगणार!

शेवटी पोरं म्हणाली, आता तुमची. साडेतेरा किलो. आईनं तळाशी ठेच्याची बरणी आणि सुक्क्या मटणाचा स्टीलचा डबा कोंबलेला. सगळ्यांसमोर काढला. घरी आलोय, जेवून बघतो तर डबा परत सॅकमध्ये.