मागे धूर, पुढे चहा

ब्रिटिश ब्लॅक कॉमेडी, म्हणजे मरणासारख्या गंभीर गोष्टीवरचा विनोद, नेमकी कशावर चालते हे समजून घ्यायचं असेल तर ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ (१९४९) मधला बागेतला चहा पाहा. लुई मॅझिनी हा तरुण ड्यूकची पदवी मिळवायला निघालाय आणि वाटेत आडवे येणारे वारस एकेक करून संपवतोय. त्यातल्या हेन्रीला फोटोग्राफीचा नाद. लुई त्याच्या डार्करूममधल्या दिव्यात रॉकेलऐवजी पेट्रोल भरून ठेवतो आणि हेन्रीच्या बायकोबरोबर, ईडिथबरोबर, चहाला बसतो. दोघं बोलत असतानाच तिच्या मागे, भिंतीपलीकडे, धुराचा लोट उठतो. ईडिथ नवऱ्याविषयीच बोलत असते. नवरा आता उरलेला नाही हे लुईला सांगता येत नाही, म्हणून तो हेन्रीच्या भविष्याची चर्चा तशीच चालू ठेवतो.

या दृश्यात स्फोट दिसत नाही, प्रेत दिसत नाही. कॅमेरा चहाच्या टेबलापाशी शांत उभा आहे. पुढे शिष्टाचार आणि मागे मरण, दोन्ही एकाच चौकटीत, आणि पुढच्या माणसांनी मागच्या गोष्टीची दखल घ्यायची नाही. हसू येतं ते या दोन पातळ्यांमधल्या अंतरामुळे. लुईने ओठ दाबून जरा जरी हसून दाखवलं असतं, किंवा कॅमेरा धावत डार्करूमकडे गेला असता, तर हा सगळा खेळ तिथेच संपला असता. दिग्दर्शक रॉबर्ट हॅमरने सगळा चित्रपट लुईच्या निवेदनावर पेललाय आणि ते निवेदन एखाद्या सभ्य गृहस्थाच्या आठवणींसारखं आहे. वाक्यं घोटीव, आवाज कुठेही चढत नाही. लुई साकारणाऱ्या डेनिस प्राइसचं हे काम मला ॲलेक गिनेसच्या आठ भूमिकांपेक्षा अवघड वाटतं, पण त्याचं नाव मागे पडलं.

त्या आठ भूमिकांमागेही हिशेब आहे. बळी जाणारे घराण्यातले सगळे एकाच नटाने केले, त्यामुळे बघणाऱ्याच्या मनात कुणा एकाबद्दल हळहळ साचत नाही. एक गेला तरी तोच चेहरा पाद्री होऊन, जनरल होऊन, लेडी ॲगाथा होऊन पुन्हा समोर येतो. दुःखाला जागाच ठेवलेली नाही. पुढे फाशी द्यायला आलेला माणूस तर ड्यूक झालेल्या लुईला नेमकं कसं संबोधायचं याच चिंतेत असतो. त्याला उमरावांसाठीचा रेशमी दोर वापरायला मिळणार, याचं त्याला केवढं अप्रूप! ब्रिटिश वर्गव्यवस्था मरणाच्या दारातही कशी सुटत नाही, हे यापेक्षा थोडक्यात सांगता येणार नाही. लुईचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर, म्हणजे संसदेतल्या उमरावांच्या सभागृहासमोर, चालतो. उमरावांचा हा विशेष हक्क इंग्लंडमध्ये १९४८ साली रद्द झाला आणि हा चित्रपट पुढच्याच वर्षी आला. तेव्हाच्या प्रेक्षकांना ती थट्टा किती ताजी लागली असेल!

प्रत निवडताना एक काळजी घ्या. अमेरिकेतल्या प्रॉडक्शन कोडला, म्हणजे तिथल्या चित्रपटांच्या नियमावलीला, गुन्हेगार सुटल्याची शंकासुद्धा मान्य नव्हती, म्हणून तिथल्या प्रतीत शेवटी एक छोटा तुकडा जोडला. मूळ शेवट प्रेक्षकाला अधांतरी सोडतो आणि सगळी धार त्यातच आहे. ब्रिटिश प्रतच पाहा.

‘काइंड हार्ट्स’ काढणाऱ्या ईलिंग स्टुडिओचाच ‘द लेडीकिलर्स’ (१९५५) हे तंत्र उलटं फिरवतो. इथे गुन्हेगार सभ्य नाहीत, सभ्यतेचं सोंग घेतलेले आहेत. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनजवळ रेल्वेमार्गाच्या वर, युद्धानंतर वेडंवाकडं झालेलं एक घर आहे. तिथे मिसेस विल्बरफोर्स नावाची म्हातारी एकटी राहते. पाच दरोडेखोर वादक असल्याचं सांगून खोली भाड्याने घेतात आणि आत बोकेरिनी या जुन्या संगीतकाराची रेकॉर्ड लावून दरोड्याचा बेत आखतात. बाई दर थोड्या वेळाने दार ठोठावते, चहा हवा का विचारायला. पुढे तिच्या मैत्रिणी चहाला येतात, तेव्हा पैसे हाती आलेले असूनही या टोळीला निमूट बसून त्यांचं आदरातिथ्य सोसावं लागतं. बिंग फुटतं तेही क्षुल्लक गोष्टीने. चेलोच्या पेटीचा पट्टा दारात अडकतो, टोळीतला धिप्पाड वन-राउंड ती खेचतो आणि नोटा रस्त्यावर सांडतात.

मग ठरतं, म्हातारीला संपवायचं. काडेपेटीतल्या काड्यांनी चिठ्ठ्या टाकतात, पण एकाचाही हात धजत नाही. तिला मारण्याऐवजी ते एकमेकांना मारत सुटतात. खालून मालगाडी गेली की प्रेत वरून डब्यात सोडायचं, इंजिनाच्या वाफेत सगळं झाकून जातं. मिसेस विल्बरफोर्स साकारणारी केटी जॉन्सन तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेली होती. या भूमिकेसाठी तिला सर्वोत्कृष्ट ब्रिटिश अभिनेत्रीचा बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला, आणि तो तिच्या न डगमगण्याला आहे. आपण विनोदी चित्रपटात आहोत याची मिसेस विल्बरफोर्सला पुसटशीही कल्पना नाही, अशी ती वावरते.

कोएन बंधूंनी २००४ मध्ये हाच चित्रपट अमेरिकेच्या दक्षिणेत नेऊन पुन्हा केला. दिग्दर्शक कसलेले, टॉम हँक्ससारखा नट, तरी तो जमला नाही असं माझं मत. मूळ चित्रपटात म्हातारीच्या मागे जुनं, थकलेलं, नियम पाळणारं इंग्लंड उभं होतं आणि दरोडेखोरांना हरवत होतं ते इंग्लंडच. ते मागून काढून घेतलं की उरतात फक्त विचित्र माणसं आणि त्यांचे अपघात.

पुढच्या पिढीने चहा सोडला, पण नियम सोडले नाहीत. मार्टिन मॅकडोनाच्या ‘इन ब्रूज’ (२००८) मध्ये हॉटेलच्या जिन्यात दोन पिस्तूलधारी समोरासमोर येतात आणि मध्ये गरोदर मालकीण उभी राहते. तिच्या अंगाला धक्का लागू नये म्हणून दोघं ओरडून वाटाघाटी करतात. एकाने खिडकीतून कालव्यात उडी मारायची, दुसऱ्याने बाहेरून फिरून गोळी घालायला यायचं! ‘साइटसीअर्स’ (२०१२) मध्ये कॅरॅव्हॅन घेऊन फिरायला निघालेल्या जोडप्याची हत्यांची मालिका कशावरून सुरू होते? ट्राममध्ये एकाने कचरा टाकला आणि उचलायला नकार दिला म्हणून. राग अगदी खरा आहे, आपणही तो ओळखतो, शिक्षा मात्र भयंकर. चार पैशांच्या कारणाला प्राणाचं मोल लावणं हे या प्रकाराचं खास ब्रिटिश माप.

हे बिघडतं कुठे? बहुतेक वेळा रक्त जवळून दाखवल्याने. जखम पडदाभर दिसली की शरीर आधी शहारतं आणि विनोद मागे राहतो. दुसरं म्हणजे मेलेल्याच्या आईला किंवा मुलाला रडताना दाखवणं. ते दाखवायचंच असेल तर चित्रपटाचा सूर तिथून बदलावा लागतो, आणि तो परत वर आणणं फार थोड्यांना जमतं. आणि पात्रांना स्वतःचा विनोद कळू लागला की खेळ आटोपलाच.

‘द डेथ ऑफ स्टॅलिन’ (२०१७) मध्ये दिग्दर्शक अर्मांडो इयानुचीने खोटे रशियन उच्चार टाळले, हा निर्णय याच कारणाने अचूक आहे. नट आपापल्या बोलीत बोलतात, त्यामुळे ते सोंग न वाटता घाबरलेले सहकारी वाटतात. रेडिओवरची एक मैफल रेकॉर्ड झालेली नाही आणि स्टॅलिनला रेकॉर्ड हवी आहे, म्हणून रेडिओचा अधिकारी दारं बंद करून ती पुन्हा वाजवून घेतो. तिथे हसता हसता त्याच्या भीतीने आपलाही घसा कोरडा पडतो. रशियाने जानेवारी २०१८ मध्ये या चित्रपटाचा परवाना काढून घेतला.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी ‘द लेडीकिलर्स’ लावावा, मग ‘काइंड हार्ट्स’. इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा, कारण निम्मी गंमत वाक्याच्या शेवटच्या दोन शब्दांत असते आणि ती पुटपुटली जाते. तुटक क्लिप्स पाहून काही हाती लागणार नाही, आधीचा अर्धा तास सभ्यपणात गेलेला असावा लागतो. ख्रिस मॉरिसचा ‘फोर लायन्स’ (२०१०) मात्र पहिल्याच फटक्यात लावू नका. त्यातले शेफील्डचे दहशतवादी मूर्ख आहेत, गोड आहेत, आणि शेवटाकडे मॉरिस हसू जाणूनबुजून काढून घेतो. ती घाव घालण्याची पद्धत कळायला आधीचे चार-पाच पचलेले असलेले बरे.